पाकीट, पाप्रिका आणि मोहाच

बुडापेस्टला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी पाकीट हरवलं. चोरीबिरी काही नाही, शुद्ध वेंधळेपणा. एका हातात नकाशा, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला लांगोश आणि पाकीट मांडीवर! लांगोश म्हणजे आपल्या भटुऱ्याचा हंगेरियन मावसभाऊ. तळलेली जाडजूड पुरी, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. तो सांभाळण्याच्या नादात मी ट्राममधून उतरले, दार बंद झालं, ट्राम गेली, आणि मग लक्षात आलं.

पाकिटात वीस हजार फोरिंट होते. आकड्याने घाबरू नका, आपले साधारण पाच हजार रुपये. कार्डं आणि पासपोर्ट नवऱ्याकडे होते, त्यामुळे तसं फार बिघडलं नाही. पण त्याच पाकिटाच्या आतल्या कप्प्यात आजीचा एक पासपोर्ट साइझ फोटो होता. कृष्णधवल, एक कोपरा दुमडलेला. तो गेला.

आम्ही एका आजीबाईंच्या घरी खोली घेऊन राहिलो होतो. वय ऐंशीच्या पुढे, इंग्रजी शून्य. त्यांच्या नातीने माझी रडकथा त्यांना सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली, माझ्यापुढे आंबट चेरीच्या थंडगार सूपची वाटी सरकवली (हो, सूपच, आणि तेही गोड. नवरा म्हणाला, "अगं, ही तर बासुंदी!") आणि एकच वाक्य बोलल्या, "त्योब्ब इश वेसेत्त मोहाचनाल."

नात हसायला लागली. म्हणाली, आमच्याकडे काहीही हरवलं, फुटलं, हातचं गेलं की असं म्हणतात. अर्थ असा, की मोहाचला याहून जास्त गेलं होतं.

मोहाच म्हणजे काय? तर एक गाव. तिथे २९ ऑगस्ट १५२६ रोजी तुर्कांशी लढाई झाली आणि हंगेरीचं राज्य बुडालं. जवळजवळ पाचशे वर्षं झाली त्याला. आणि ही बाई अजून त्या लढाईने पाकिटं मोजते आहे!

मला एकदम आमची आजीच आठवली. आम्ही पोरं म्हणायचो, "आजी, विश्वास ठेव गं, उद्या नक्की पाढे पाठ करते." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "विश्वास? विश्वास गेला पानिपतात!" लहानपणी मला हा विश्वास म्हणजे आमच्या वाड्यातलाच कोणी बिऱ्हाडकरू वाटायचा, पानिपतला बदली होऊन गेलेला. पुढे शाळेत कळलं, की तो नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा, आणि १४ जानेवारी १७६१ ला पडला तेव्हा अठरा वर्षांचा होता. मोहाचला पडलेला हंगेरीचा राजा लायोश वीस वर्षांचा होता.

झालं! आमचा बेत ठरला होता बालातोन सरोवरावर जाऊन दोन दिवस लोळायचा. तो रद्द केला. नवरा कुरकुरला, पण त्याला कलोचाच्या मिरच्यांचं आमिष दाखवलं.

बुडापेस्टहून पेच या गावापर्यंत आगगाडी, तिथून मोहाचला बस. पेचच्या मुख्य चौकात एक हिरव्या घुमटाची भलीमोठी वास्तू आहे. बाहेरून पाहिली तर सरळसरळ मशीद. गाझी कासिम पाशाने सोळाव्या शतकात बांधलेली. आत गेलं तर येशू, मेणबत्त्या, बाकडी. तुर्क गेल्यावर तिचं चर्च झालं. पण मक्केकडे तोंड केलेला कोनाडा आत अजून आहे, आणि घुमटाच्या टोकावर चंद्रकोर आहे आणि तिच्या वर क्रूस. दोन्ही! मी बराच वेळ मान वर करून पाहत राहिले. क्रूस वर आहे म्हणजे कोण जिंकलं हे सांगायचं आहेच. पण चंद्रकोर काढून टाकलेली नाही.

मोहाचचं मैदान गावापासून काही किलोमीटर दक्षिणेला आहे. चहूकडे शेतं, सपाट जमीन, मध्ये झाडी. १९६० साली इथे लढाईतल्या सामूहिक कबरी सापडल्या, आणि लढाईला साडेचारशे वर्षं झाली तेव्हा, १९७६ साली, स्मारक उभं राहिलं. पुतळेबितळे, घोड्यावर बसून तलवार उगारलेले वीर असं इथे नाही. गवतात लाकडाचे कोरीव खांब उभे आहेत. काही सरळ, काही कललेले. लांबून पाहिलं तर वाटतं माणसंच आहेत, काही पडता पडता थांबलेली. आम्ही दोघं आणि शाळेच्या सहलीची पंधरावीस पोरं, एवढेच तिथे होतो. पोरं आमच्या सहलीतल्या पोरांसारखीच होती. बाई बोलत होत्या आणि पोरं एकमेकांच्या दप्तरात गवत घालत होती.

आता थोडा इतिहास. (नातेवाईकांनी हे दोन परिच्छेद गाळले तरी चालेल, पुढे जेवण आहे.) हंगेरीकडे सैन्य होतं पंचवीस हजारांच्या आसपास. सुलतान सुलेमानकडे त्याच्या दुपटीहून अधिक, आणि तोफा. सेनापती कोण, तर कलोचाचा आर्चबिशप तोमोरी पाल. (हंगेरियन लोक आडनाव आधी लावतात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं.) ट्रान्सिल्व्हेनियाचा सुभेदार सापोयाई यानोश आपली फौज घेऊन यायचा होता, तो वेळेत पोचलाच नाही. थांबावं की लढावं यावर खल झाला आणि लढायचं ठरलं. दोन तासांच्या आत सगळं आटोपलं. हजारो माणसं पडली, तोमोरी पडला, त्याच्यासोबत आणखी सहा बिशप पडले. राजा पळताना चेले नावाच्या ओढ्यात घोड्यावरून पडून चिलखतासकट बुडाला. चिमुकला ओढा. आपल्याकडच्या एखाद्या ओहोळाएवढा.

आणखी एक गंमत. त्याच १५२६ सालच्या २१ एप्रिलला, म्हणजे अवघे चार महिने आधी, पानिपतची पहिली लढाई झाली होती. तिथे बाबराने गाड्या एकमेकींना बांधून त्यांच्या आडोशाने बंदुका आणि तोफा चालवल्या, आणि ही पद्धत रूमी, म्हणजे तुर्कांची, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. एका वर्षात, एकाच प्रकारच्या दारूगोळ्याने, दोन टोकांना दोन राज्यं गेली. आपलं पानिपत ते नव्हे, आपलं तिसरं. तरी अंगावर काटा आला.

पण खरी गोम पुढेच आहे. मोहाचच्या लढाईनंतर सुलेमान बुडापर्यंत गेला, लूट घेतली आणि परत फिरला! राज्य त्याने तेव्हा घेतलंच नव्हतं. मग इकडे काय व्हावं? तर एका गटाने सापोयाईला राजा केलं, दुसऱ्याने हाब्सबुर्ग घराण्यातल्या फर्डिनांडला. एक देश, दोन राजे. पुढे वर्षानुवर्षं हे दोघं भांडत राहिले. सापोयाई वारला, त्याचा मुलगा तान्हा, फर्डिनांडच्या सैन्याने बुडाला वेढा घातला, आणि बाळाच्या 'मदतीला' सुलेमान पुन्हा आला. तारीख २९ ऑगस्ट १५४१. मोहाचपासून बरोबर पंधरा वर्षं. सुलतानाने बाळाला पाहायला म्हणून सरदारांसकट आपल्या तंबूत बोलावलं. इकडे त्याचे सैनिक बुडाच्या दरवाज्यांतून दोघंदोघं, चौघंचौघं आत शिरले. कशासाठी? तर शहर बघायला! इमारती न्याहाळत, हिंडत हिंडत... आणि संध्याकाळपर्यंत सगळे दरवाजे त्यांच्या ताब्यात. पर्यटक म्हणून हिंडणाऱ्या मला हे ऐकून थोडं ओशाळल्यासारखं झालं.

तंबूतल्या सरदारांत एक होता त्योर्योक बालिंत. (त्योर्योक या शब्दाचा अर्थच 'तुर्क'. नशीब!) गोष्ट अशी सांगतात, की जेवण झालं, तो निघायला लागला, तेव्हा त्याला म्हणाले, "बसा हो, अजून काळं सूप यायचं आहे." काळं सूप म्हणजे कॉफी. ती येईपर्यंत शहर गेलं होतं. बालिंतला इस्तंबूलला नेलं आणि तो तिथल्या कैदेतच मेला. गोष्ट शब्दशः खरी असेलच असं नाही, तुर्की दरबारात तेव्हा कॉफी रुळली होती का इथपासूनच शंका आहेत. पण हंगेरियन माणूस आजही संकट पुरतं संपलेलं नाही हे सांगताना म्हणतो, 'काळं सूप अजून बाकी आहे'. बुडा परत मिळायला १६८६ साल उजाडावं लागलं. एकशे पंचेचाळीस वर्षं! आपल्याकडे पानिपतानंतर दहा वर्षांत मराठे पुन्हा दिल्लीत होते. म्हणजे म्हणीच्या बाबतीत आजीबाईंचा हक्क आमच्या आजीहून मोठाच म्हणायचा.

बरं, आता जेवण.

मोहाचहून आम्ही डॅन्यूबच्या काठाकाठाने वर निघालो. वाटेत बाया नावाचं गाव लागतं (हसू नका, नकाशात बघा) आणि तिथला माशाचा रस्सा, हलासले, प्रसिद्ध आहे. नदीतले मासे, भरपूर कांदा, आणि पाप्रिका घालून लालभडक केलेलं पाणी. बायाची खासियत अशी की रश्श्यात काडेपेटीच्या काड्यांएवढ्या शेवया घालतात. आठ दिवस 'गुयाश नको, त्यात गायीचं मांस' असं म्हणून चीज-पावावर काढणाऱ्या मला तो रस्सा समोर आल्यावर भरून आलं. खोटं नाही सांगत, नारळ सोडला तर आईच्या कालवणाचा रंग!

गुयाशबद्दल जाता जाता. गुयाश म्हणजे गुराखी. माळावरच्या गुराख्यांचं हे जेवण, आणि हंगेरीत ते पातळ, वाटीतून प्यायचं सूपच असतं. नवऱ्याने ते तीनदा खाल्लं आणि तिन्ही वेळा मला चवीचं वर्णन ऐकवलं.

कलोचाला सप्टेंबरात घरांच्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा लटकत असतात. आपल्याकडे दाराला झेंडूचं तोरण असतं तशा. बाजारात पाप्रिकाचे दोन ढीग, एक 'एदेश' म्हणजे गोड, दुसरी 'चीपोश' म्हणजे झणझणीत. विकणाऱ्या बाईंनी झणझणीत पाप्रिकाची चिमूट माझ्या तळहातावर ठेवली आणि काळजीने बघत राहिल्या. मी चाटली. आमच्या घरच्या तिखटापुढे ती खरं तर बाळगुटी. पण त्यांचं मन मोडू नये म्हणून थोडा सुस्कारा टाकला.

आणि तिथे उभी असतानाच डोक्यात उजेड पडला. कलोचा! तोमोरीचं गाव. तुर्कांशी लढताना पडलेल्या आर्चबिशपचं गाव आज कशासाठी ओळखलं जातं, तर मिरचीसाठी. आणि ही मिरची हंगेरीत कोणी आणली? तुर्कांच्या राज्यात, तुर्कांच्या वाटेने आली. सुरुवातीला तिचं नावच होतं 'तुर्की मिरी'. आधी बड्या लोकांच्या बागेत शोभेला, मग गरिबांच्या जेवणात काळ्या मिरीऐवजी, आणि मग इतकी मुरली की आज पाप्रिकाशिवाय हंगेरी ओळखू येत नाही. १९३० च्या दशकात सेगेदला सेंट-ग्योर्गी आल्बर्ट नावाच्या शास्त्रज्ञाला रात्रीच्या जेवणात पाप्रिका वाढली, त्याला ती खायची नव्हती, म्हणून तो ती घेऊन सरळ प्रयोगशाळेत गेला, असं तो स्वतः सांगायचा. तिच्यात क जीवनसत्त्व खच्चून भरलेलं निघालं. १९३७ सालच्या त्याच्या नोबेलमागे हीच पाप्रिका. पानात टाकलेल्या भाजीचं असं भलं झालेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आपणही काही वेगळे नाही. मिरची पोर्तुगीजांनी आणली, त्याच शतकात. आपण मिरीवरून तिचं नाव मिरची ठेवलं आणि आता कोल्हापूरकराला सांगून बघा, की ठेचा मुळात तुमचा नाही!

बुडापेस्टला परतल्यावर रुदाशच्या गरम पाण्याच्या कुंडात गेलो. तेही तुर्की पाशाचंच बांधकाम. आठ खांबांवर घुमट, घुमटाला बारीक भोकं, त्यांतून उजेडाच्या तिरिपा पाण्यावर येतात. खाली अष्टकोनी कुंडात लोक गळ्यापर्यंत बुडून निवांत बसलेले. माझ्या शेजारच्या काकू डोळे मिटून बसल्या होत्या, जणू माहेरी आल्या आहेत. दारात स्लिपर घालायच्या असतात. त्याला इथे म्हणतात 'पापुच'. मी चमकले. पापुच म्हणजे आपला पायपोस! मूळ फारसी शब्द तुर्कांबरोबर इकडे गेला आणि सुलतानांबरोबर आपल्याकडे आला. खिशाला म्हणतात 'झेब'. म्हणजे जेब! हंगेरियन लोकांनीही आपल्या राज्यव्यवहारकोशासारखी भाषाशुद्धीची मोठी मोहीम काढली होती, हजारो नवे शब्द घडवले. पण पायपोस काही कोणी काढला नाही, ना त्यांनी, ना आपण.

त्या संध्याकाळी मी फार खुशीत होते. मनातल्या मनात हा लेख लिहूनही झाला होता. शत्रू येतो, जातो, मिरची राहते, दुःखाची म्हण होते, वगैरे वगैरे. मग आम्ही संसद भवनाच्या बाजूने नदीकाठी फिरायला गेलो.

तिथे काठावर जोडे आहेत. लोखंडाचे, साठ जोड. पुरुषांचे बूट, बायकांच्या टाचांच्या चपला, एक लहान मुलाचा बूट. २००५ साली बसवले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात इथल्याच ॲरो क्रॉस पक्षाच्या लोकांनी ज्यू माणसांना नदीच्या काठावर उभं केलं, जोडे काढायला लावले आणि गोळ्या घातल्या. जोडे का? कारण जोड्यांना किंमत होती. त्याआधी त्याच वर्षी मे ते जुलै, दोन महिन्यांहूनही कमी काळात, चार लाखांवर ज्यू आगगाड्यांतून हद्दपार केले गेले, बहुतेक सगळे आउशवित्झला. हुकूम जर्मनांचा होता, पण गाड्या भरणारे शिपाई हंगेरियन होते.

नात आमच्यासोबत होती. मी तिला विचारलं, यावर काही म्हण आहे का गं तुमच्यात? आता वाटतं, काय मूर्खासारखं विचारलं. ती म्हणाली, नाही. थोडं थांबून म्हणाली, आमच्या घरात यावर कोणी बोलतच नाही. आजी तेव्हा लहान होती, याच शहरात होती. काय पाहिलं ते तिने कधी सांगितलं नाही.

मोहाचवर ती आजी बोलते. पाचशे वर्षांपूर्वीचं रोज बोलते, हसत बोलते. ते दुःख लोकांनी दिलेलं आहे. काठावरच्या जोड्यांचं तसं नाही.

परतीच्या वाटेवर मला कोलकात्याच्या मैत्रिणीची आई आठवली. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले होते, मराठी आहे म्हटल्यावर त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे बॉर्गी!" मला कळेना. मग कळलं, की बंगालमध्ये बाळांना झोपवताना आजही एक अंगाई म्हणतात, तिच्यात बॉर्गी येतात. बॉर्गी म्हणजे बारगीर. नागपूरकर भोसल्यांची फौज १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं बंगालवर चालून जात होती, चौथाईसाठी. गावं लुटली, जाळली. कलकत्त्याच्या लोकांनी घाबरून खंदक खणला, त्याचं नावच मराठा खंदक. आम्हाला शाळेत होतं ते एवढंच, की भास्करपंत कोल्हटकरांना अलिवर्दीखानाने भेटीला बोलावून दग्याने मारलं. तेही खरंच आहे. पण जळलेली गावं आमच्या पुस्तकात नव्हती. ती त्यांच्या अंगाईत होती.

म्हणजे आम्ही हरलो त्याची म्हण आमच्याकडे, आणि आम्ही जिंकलो त्याचं गाणं दुसऱ्याकडे. आजीला हे माहीत असतं तर ती काय म्हणाली असती, कोण जाणे. बहुतेक काहीच नाही. गप्प बसली असती, त्या आजीबाईंसारखी.

निघायच्या दिवशी आजीबाईंनी कॉफी केली. नात म्हणाली, "घ्या, काळं सूप!" आम्ही सगळे हसलो. त्यांनी माझा हात धरला, माझ्या झेबात, म्हणजे खिशात, पाप्रिकाची एक पुडी कोंबली आणि काहीतरी म्हणाल्या. नातीने भाषांतर केलं, "फोटो गेला त्याचं वाईट वाटतं. पैशांचं नाही." मी फोटोबद्दल त्यांना काही बोललेच नव्हते. नातीने सांगितलं असणार.

असो. पुडी अजून संपलेली नाही. सुरमईच्या कालवणात अर्धा चमचा घालते, तिखटाला नाही, रंगाला.

आणि हो, नातेवाईक मंडळी, इथपर्यंत वाचत आला असाल तर एक काम करा. आजीचा तो फोटो, नऊवारीतला, कॅमेऱ्याकडे जरा रागाने बघणारा, त्याची एक प्रत थोरल्या काकांकडे होती असं आई म्हणते. कोणाच्या ट्रंकेत, पोथीत, जुन्या पासबुकात सापडली तर स्कॅन करून पाठवा. उद्या बघतो, परवा बघतो असं नको. विश्वास कुठे गेला ते तुम्हाला माहीत आहेच.